टक्का कशावर? स्वयंप्रकाशन कंपन्यांचा खर्च आणि लेखकाची कमाई ताडून पाहण्याची रीत

माझे पहिले पुस्तक मी एका स्वयंप्रकाशन कंपनीकडून काढले, तेव्हा तिच्या जाहिरातीतला ‘१०० टक्के रॉयल्टी लेखकाला’ हा एकच शब्दसमूह मी वाचला होता. सहा महिन्यांनी पहिले विक्रीपत्रक आले. एकतीस प्रती विकल्या गेल्या होत्या आणि माझ्या नावे जमा झालेली रक्कम त्याच पुस्तकाच्या चार प्रतींच्या छापील किमतीइतकीही नव्हती. पत्रकात गणिती चूक कुठेही नव्हती, आणि कंपनीने करार मोडला असेही म्हणता येत नव्हते. चूक माझीच होती; शंभर टक्के ऐकल्यावर ‘शंभर टक्के, पण कशाचे?’ हे विचारायचे मी विसरलो होतो.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी कंपन्यांची तुलना कागदावर करायला बसलो. त्यातून जी रीत हाती लागली ती पायरीपायरीने येथे मांडली आहे. या सगळ्या खटाटोपाचा रोख एकाच आकड्याकडे आहे: एक प्रत विकली गेली की लेखकाच्या खात्यात प्रत्यक्ष किती पडतात. हा आकडा हाती नसताना टक्केवाऱ्या एकमेकींशेजारी ठेवून काहीही कळत नाही.

१. कंपनी कोणाच्या पैशावर चालते ते आधी ओळखा

‘स्वयंप्रकाशन’ या एकाच पाटीखाली तीन निरनिराळे व्यवसाय चालतात आणि नवखा लेखक त्यांना एकाच रांगेत उभे करतो.

पहिला प्रकार थेट विक्रीमंचांचा. ॲमेझॉनचे किंडल डायरेक्ट पब्लिशिंग (यापुढे केडीपी), ॲपल बुक्स, कोबो रायटिंग लाइफ हे या प्रकारात येतात. पुस्तक चढवायला ते काही घेत नाहीत; प्रत विकली गेली की आपला वाटा कापून उरलेले लेखकाला देतात. दुसरा प्रकार वितरकांचा. ड्राफ्ट२डिजिटल तुमचे ई-पुस्तक अनेक दुकानांत एकाच वेळी पोहोचवते, तर इन्ग्रामस्पार्क छापील पुस्तक विक्रेत्यांच्या आणि ग्रंथालयांच्या पुरवठासाखळीत नेते. येथेही मुख्य कमाई विक्रीतूनच होते. तिसरा प्रकार पॅकेज विकणाऱ्या कंपन्यांचा: संपादन, मुखपृष्ठ, मांडणी, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), काही प्रती आणि थोडी जाहिरात असे सगळे बांधून एक रक्कम आधीच घेतली जाते.

तिसरा प्रकार मुळातच वाईट असतो असे नाही. ज्यांना वेळ नाही किंवा संगणकावर फाइल तयार करण्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी ती एक सेवा आहे आणि सेवेला पैसे पडतातच. मात्र पहिल्या दोन प्रकारांत पुस्तक विकले गेले नाही तर कंपनीलाही फारसे काही मिळत नाही, आणि तिसऱ्यात तुमचे पुस्तक छापखान्यात जाण्याआधीच कंपनीची कमाई झालेली असते. पुस्तक खपावे म्हणून कोण किती धडपडेल, याचा अंदाज एवढ्यावरूनच बांधता येतो.

२. तुलनेला बसण्यापूर्वी ही कागदपत्रे मागवा

प्रत्येक कंपनीकडून पुढील गोष्टी लेखी मागवाव्यात. दूरध्वनीवर गोड बोलणारा प्रतिनिधी लेखी द्यायला टाळाटाळ करू लागला, तर त्या कंपनीपुरती तुलना तेथेच संपली असे समजावे.

- संपूर्ण दरपत्रक. त्यात ‘ऐच्छिक सेवा’ या नावाखाली येणारे दरही हवेत.
- कराराचा कोरा नमुना, सही करण्याआधी घरी नेऊन वाचता येईल असा.
- एखाद्या पुस्तकाचे नमुना विक्रीपत्रक, लेखकाचे नाव झाकून दिले तरी चालेल.
- तुमच्या पानसंख्येच्या, आकाराच्या आणि कागदाच्या पुस्तकाचा एका प्रतीचा छपाईदर.
- लेखकाने स्वतःसाठी प्रती घेतल्यास त्यांचा दर आणि पाठवणीचा खर्च.

तुमच्या बाजूने तयार असावे ते असे: हस्तलिखिताची शब्दसंख्या, पुस्तकाचा आकार, रंगीत पाने किती, चित्रे असल्यास फाइलचे अंदाजे वजन, आणि मनात योजलेली छापील किंमत. हिशेबासाठी साधे स्प्रेडशीट पुरते. केडीपी, इन्ग्रामस्पार्क आणि लुलू (मागणीनुसार पुस्तके छापून विकणारी कंपनी) यांच्या संकेतस्थळांवर छपाईखर्च काढून देणारे गणकही आहेत, आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत.

नमुना विक्रीपत्रकाचा मी मुद्दाम आग्रह धरतो. दरपत्रक विक्री विभाग लिहितो आणि विक्रीपत्रक हिशेब विभाग, त्यामुळे दरपत्रकात न दिसलेल्या वजावटी दुसऱ्या कागदावर निमूटपणे बसलेल्या असतात.

३. एकदाच होणारा आणि पुन्हा पुन्हा होणारा खर्च वेगळा करा

स्प्रेडशीटचा पहिला भाग खर्चाचा. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ आणि नमुना प्रत हे एकदाच होणारे खर्च होत. ते केडीपीवर पुस्तक काढतानाही होतातच. ‘तिथे फुकट होते’ या म्हणण्याचा अर्थ एवढाच की कंपनी प्रवेशशुल्क घेत नाही. मुखपृष्ठ करणाऱ्याचे आणि मुद्रितशोधकाचे पैसे तुम्हाला बाहेर द्यावेच लागतात. तुलना करताना अनेक जण एका बाजूला पॅकेजची पूर्ण रक्कम आणि दुसऱ्या बाजूला शून्य मांडतात, आणि मग पॅकेज कंपन्यांवर उगाच अन्याय होतो.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या खर्चांकडे मात्र बारकाईने पाहावे. पुस्तक यादीत ठेवण्याचे वार्षिक शुल्क, गोदामभाडे, छापल्यानंतर सापडलेली चूक दुरुस्त करण्याचे शुल्क, मुखपृष्ठ बदलण्याचे शुल्क. यांतले दुरुस्तीशुल्क बहुतेकांना भोवते, कारण पुस्तक हातात आल्यावर पहिल्याच उघडलेल्या पानावर चूक दिसावी असा जणू निसर्गनियम आहे. केडीपीवर दुरुस्त फाइल पुन्हा चढवायला पैसे लागत नाहीत. इन्ग्रामस्पार्कने नव्या पुस्तकाचे नोंदणीशुल्क २०२३मध्ये काढून टाकले, पण ठरावीक मुदतीनंतरच्या दुरुस्तीला तेथे पैसे पडतात. पॅकेज कंपन्यांत दुरुस्तीचा दर कधी पानामागे असतो, कधी प्रत्येक ‘फेरी’मागे. कोणता आहे ते विचारून घ्यावे.

आयएसबीएनबद्दल थोडे. २००७पासून तो तेरा अंकी आहे आणि पुस्तकाच्या प्रत्येक स्वरूपाला, म्हणजे कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना, स्वतंत्र क्रमांक लागतो. कंपनीने फुकट दिलेला क्रमांक सहसा कंपनीच्या खात्यातला असतो. तो घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही आणि नोंदीत प्रकाशक म्हणून तुमचे नाव लागत नाही. पुढे कंपनी बदलण्याची जराही शक्यता वाटत असेल, तर क्रमांक स्वतःच्या नावाने घ्यावा.

४. छपाईखर्चाची ओळ भिंगाखाली धरा

माझ्या त्या पहिल्या विक्रीपत्रकात प्रत्येक प्रतीमागे दोनच वजावटी होत्या. पुस्तकाची छापील किंमत १०० धरली, तर ४५ विक्रेत्याच्या सुटीत गेले होते आणि ४३ ‘निर्मिती खर्च’ या नावाखाली. उरलेले १२ माझे, आणि त्या १२चे शंभर टक्के मला मिळाले होते. जाहिरात अक्षरशः खरी होती.

विक्रेत्याची सूट समजण्यासारखी होती. दुकानदार फुकट पुस्तके विकणार नाही. माझे डोके अडले ते ४३वर. म्हणून मी तीच छपाईची फाइल घेऊन एका डिजिटल छापखान्यात गेलो. मी फक्त एकच प्रत मागत आहे आणि त्यासाठी घासाघीस करणार नाही, हे सांगून टाकले. त्याने पाने मोजली, कागद बोटांत धरून पाहिला आणि दर सांगितला, तो माझ्या छापील किमतीच्या २६ टक्के निघाला. हा एका सुट्या प्रतीचा, वाटेने येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाचा दर. महिन्याला शेकडो पुस्तके छापून घेणाऱ्या कंपनीला तो याहून स्वस्तच पडत असणार. म्हणजे ‘निर्मिती खर्च’ या ओळीत निदान १७ टक्के कंपनीचा नफा होता. जी कंपनी रॉयल्टीतला एक पैसाही घेत नाही असे सांगत होती, ती प्रत्येक प्रतीमागे लेखकापेक्षा जास्त कमावत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक कंपनीचा छपाईदर दोन ठिकाणी पडताळतो: बाहेरच्या छापखान्यात, आणि ज्यांचे दर उघड आहेत अशा मंचाच्या गणकावर. केडीपीचे सूत्र त्यासाठी सोयीचे आहे. अमेरिकी बाजारपेठेत नेहमीच्या आकाराच्या, एकरंगी आणि सव्वाशे-दीडशेहून अधिक पानांच्या कागदी बांधणीच्या पुस्तकाला एक डॉलर स्थिर शुल्क आणि प्रत्येक पानाला १.२ सेंट असा दर आहे. २२० पानांचे पुस्तक घेतले तर १ अधिक २.६४, म्हणजे ३.६४ डॉलर. एखादी कंपनी त्याच पुस्तकाचा खर्च सहा-साडेसहा डॉलर सांगत असेल, तर मधले अडीच-तीन डॉलर कोठे जातात हे तिला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

येथेच आणखी एक सापळा आहे. ऑफसेट छपाईत हिशेब फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा असतो. सोळा पानांच्या फर्म्यात दोन पाने कमी भरली तरी फारसा फरक पडत नाही. मागणीनुसार होणाऱ्या छपाईत मात्र प्रत्येक पानाचे पैसे लागतात. पॅकेज कंपनीने माझ्या पुस्तकाची मांडणी मोठ्या अक्षरात, ऐसपैस समासात केली होती, आणि ‘वाचायला सोपे जाते’ म्हणून मी खूशही झालो होतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी अक्षर अर्ध्या बिंदूने (पॉइंटने) आणि ओळींतले अंतर थोडेसे कमी केले, तेव्हा वाचनीयतेला धक्का न लागता ३० पाने कमी झाली. वरच्या दराने ते ३६ सेंट होतात, आणि ते प्रत्येक प्रतीमागे वाचतात.

५. रॉयल्टीचा टक्का कोणत्या रकमेवर आहे ते शोधा

करारात ‘रॉयल्टी’ हा शब्द दिसला की त्याच्या पुढचे चार शब्द वाचावेत. छापील किमतीवर, प्रत्यक्ष विक्रीकिमतीवर, विक्रेत्याची सूट वजा जाता मिळालेल्या रकमेवर, की सगळे खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर? याच क्रमाने लेखकाचा वाटा आटत जातो. छापील किमतीवरचे २० टक्के हे नफ्यावरच्या १०० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकतात. माझ्या पुस्तकात ते तसेच ठरले असते.

काही नावाजलेल्या कंपन्यांची पद्धत कशी चालते ते २२० पानांच्या आणि १५ डॉलर किमतीच्या त्याच कल्पित पुस्तकावर पाहू.

केडीपी छापील पुस्तकाच्या किमतीवर ६० टक्के मोजते आणि त्यातून छपाईखर्च वजा करते. ९ डॉलरमधून ३.६४ गेले की लेखकाला ५.३६ डॉलर उरतात. हेच पुस्तक केडीपीच्या विस्तारित वितरणातून, म्हणजे ॲमेझॉनबाहेरच्या दुकानातून विकले गेले, तर टक्का ४० धरला जातो. ६ वजा ३.६४, उरले २.३६. पुस्तक तेच, किंमत तीच, आणि कमाई निम्म्याहून कमी. त्यामुळे प्रत्येक विक्रीमार्गासाठी स्प्रेडशीटमध्ये वेगळी ओळ करावी लागते.

किंमत ठरवताना आणखी एक पायरी लक्षात ठेवावी. जून २०२५पासून अमेरिकी बाजारपेठेत ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या छापील पुस्तकांना केडीपी ६० ऐवजी ५० टक्के धरते. आपले २२० पानी पुस्तक ९.९९ला ठेवले तर लेखकाला सुमारे २.३५ डॉलर मिळतात. वाचकांसाठी स्वस्त करावे म्हणून ते ९ डॉलरला ठेवले, तर ४.५० वजा ३.६४, म्हणजे केवळ ८६ सेंट. वाचकाचा एक डॉलर वाचवण्यासाठी लेखकाने दीड डॉलर सोडला.

इन्ग्रामस्पार्कची भाषा टक्क्यांची नसून सुटीची आहे. विक्रेत्यांना किती सूट द्यायची ते लेखकच साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठरवतो. किमतीतून ती सूट, छपाईखर्च आणि वितरणाचे लहानसे शुल्क वजा जाऊन उरते ते लेखकाचे. दुकानांनी पुस्तक ठेवावे असे वाटत असेल तर ५५ टक्क्यांची अपेक्षा असते, आणि न विकलेल्या प्रती परत घेण्याची तयारीही. ही ‘परतीची’ खूण करण्याआधी दहा वेळा विचार करावा. दुकानाने पन्नास प्रती मागवल्या की तुमच्या खात्यात कमाई दिसते. चार महिन्यांनी त्यांतल्या चाळीस परत आल्या की त्यांची घाऊक किंमत तुमच्याकडून वसूल होते, आणि ती तुम्हाला मिळालेल्या रकमेपेक्षा मोठी असते, कारण छपाईचा खर्च तुमच्याच माथी बसतो.

लुलूच्या स्वतःच्या दुकानातून विक्री झाली तर किमतीतून छपाईखर्च वजा करून उरलेल्या रकमेचे ८० टक्के लेखकाला आणि २० टक्के कंपनीला जातात. हाही नफ्यावरचाच टक्का आहे, पण छपाईदर कोणालाही गणकावर पाहता येतो. नफ्यावर टक्का मोजायला माझी हरकत नाही. नफा कसा काढला हे दाखवायला नकार दिला तर हरकत आहे.

६. ई-पुस्तकाचा हिशेब स्वतंत्र करा

ई-पुस्तकात कागद नाही, म्हणून हिशेब सोपा असेल असे वाटते. तो तसा नसतो.

केडीपीवर ई-पुस्तकाला ३५ किंवा ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. अमेरिकी बाजारपेठेत ७० टक्क्यांसाठी किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असावी लागते, आणि या पर्यायात फाइलच्या प्रत्येक एमबीमागे १५ सेंट पाठवणीखर्च आधी वजा होतो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो खर्च नसतो. आता ४.९९ डॉलरच्या पुस्तकाची दोन रूपे घ्या. निव्वळ मजकुराची फाइल २ एमबीची आहे: ३० सेंट वजा करून ७० टक्के, म्हणजे ३.२८ डॉलर. छायाचित्रांनी भरलेली फाइल २० एमबीची आहे: ३ डॉलर आधीच गेले, उरलेल्या १.९९चे ७० टक्के म्हणजे १.३९. याच पुस्तकाला ३५ टक्क्यांचा पर्याय घेतला असता तर १.७५ मिळाले असते. या किमतीला साधारण साडेसोळा एमबीच्या पुढे मोठा टक्का तोट्याचा होतो. त्यावरचा उपाय अर्थातच चित्रे दाबून फाइल हलकी करणे हा आहे, पण आधी वजन तपासायला सुचले पाहिजे.

ॲपल बुक्स कोणत्याही किमतीला ७० टक्के देते. कोबो २.९९ डॉलर आणि त्यावरच्या किमतीला ७० टक्के देते, त्याखाली ४५ टक्के. ड्राफ्ट२डिजिटल आपल्यासाठी पुस्तकाच्या जाहीर किमतीचे सुमारे १० टक्के ठेवते. दुकानाचा वाटा वेगळा. म्हणजे ४.९९ डॉलरचे पुस्तक त्यांच्यामार्फत ॲपलवर विकले गेले तर लेखकाला जवळपास ३ डॉलर मिळतात, थेट चढवले असते तर साडेतीन. पन्नास सेंटांत पाच-सहा ठिकाणची खाती सांभाळण्याची कटकट वाचते. मला हा सौदा पटतो. ज्याची विक्री मोठी आहे त्याला पटणार नाही.

केडीपी सिलेक्ट ही योजना घेतली तर ई-पुस्तक नव्वद दिवस फक्त ॲमेझॉनवरच ठेवावे लागते, आणि मुदत आपोआप पुढे सरकते. बदल्यात किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीसेवेच्या वाचकांनी वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात. हा दर दर महिन्याला बदलतो आणि पानाला अर्ध्या सेंटहून कमी राहत आला आहे. २२० पाने पूर्ण वाचली गेली तरी डॉलरच्या आसपासच. कादंबऱ्यांच्या मालिका लिहिणाऱ्यांना ते परवडते. संदर्भपुस्तकाची चार पाने उलटून वाचक निघून गेला, तर चारच पानांचे पैसे येतात.

७. सगळ्या कंपन्या एकाच पुस्तकावर ताडा

आता प्रत्येक कंपनीसाठी दोन आकडे काढायचे: सुरुवातीचा एकूण खर्च, आणि एका प्रतीमागे हातात पडणारी रक्कम. पहिल्याला दुसऱ्याने भागले की खर्च निघण्यासाठी किती प्रती खपल्या पाहिजेत ते कळते.

समजा पॅकेज १२०० डॉलरचे आहे आणि वजावटी माझ्या पहिल्या पुस्तकासारख्या आहेत. १५ डॉलरच्या पुस्तकामागे लेखकाला १२ टक्के, म्हणजे १.८० डॉलर. खर्च निघायला ६६७ प्रती लागतील. दुसऱ्या बाजूला समजा तुम्ही संपादनाला ४००, मुखपृष्ठाला १५० आणि मांडणीला १०० डॉलर बाहेर दिले आणि पुस्तक स्वतः केडीपीवर चढवले. खर्च ६५०, प्रतीमागे ५.३६, म्हणून १२२ प्रती. सेवांचे दर तुमच्याकडे निराळे असतील; भागाकार तोच राहील.

या टप्प्यावर लेखकाने स्वतःशी प्रामाणिक व्हावे. माझे नातेवाईक, मित्र, सहकारी आणि ओळखीचे वाचक यांची यादी मी लिहून काढली, तेव्हा पुस्तक विकत घेतील अशी खात्री असलेली नावे साठच्या पुढे गेली नाहीत. ‘पुस्तक आले की सांग हं’ म्हणणारे त्यात धरले नव्हते. ६६७ हा आकडा त्या यादीशेजारी लिहिल्यावर मला कोणाचा सल्ला विचारावा लागला नाही.

८. लेखकप्रतींचा दर विचारा

व्याख्याने देणाऱ्या, वर्ग घेणाऱ्या किंवा प्रदर्शनात टेबल मांडणाऱ्या लेखकाची बरीचशी विक्री स्वतःच्या हातून होते. त्यामुळे लेखकप्रतीचा दर त्याच्यासाठी रॉयल्टीपेक्षाही महत्त्वाचा असतो.

‘लेखकाला छापील किमतीवर ४० टक्के सवलत’ हे वाक्य उदार वाटते. १५ डॉलरच्या पुस्तकावर ती सवलत घेतली तरी प्रत ९ डॉलरला पडते. केडीपीवर लेखकप्रत छपाईखर्चाला मिळते, म्हणजे ३.६४ अधिक पाठवणीचा खर्च. पाठवणी दूरची असेल तर हा फरक आटतो, म्हणून दोन्हीकडे पत्त्यावर पोहोचेपर्यंतची किंमत धरावी. नमुना प्रत आणि लेखकप्रत यांत गल्लत करू नये; केडीपीच्या नमुना प्रतीच्या मुखपृष्ठावर ती विक्रीसाठी नसल्याची पट्टी छापलेली असते.

९. करारातून बाहेर पडण्याचे कलम आधी वाचा

करार शेवटून वाचायला घ्यावा, असे मी आता सांगतो. मुदत किती, नोटीस किती दिवसांची, बाहेर पडताना काही शुल्क आहे का, आणि मांडणीची व मुखपृष्ठाची मूळ फाइल कोणाची? शेवटचा प्रश्न सर्वांत महाग पडतो. मी पैसे देऊन करून घेतलेल्या मुखपृष्ठाची मूळ फाइल मागितली, तेव्हा ‘ती कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी आहे’ असे उत्तर आले आणि मुखपृष्ठ मला नव्याने करून घ्यावे लागले. संपादित मजकूर, मांडणीची उघडता येणारी फाइल, छपाईची पीडीएफ आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल या चारही लेखकाला मिळतील, असे वाक्य करारात सही करण्याआधी घालून घ्यावे.

हक्कांबाबत: स्वयंप्रकाशनात कॉपीराइट लेखकाचाच राहायला हवा आणि कंपनीला मिळणारा परवाना अनन्य, म्हणजे फक्त तिच्यापुरताच राखीव, नसावा. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क स्वयंप्रकाशन करारात मागितले असतील, तर ते कलम खोडायला सांगावे. छापील पुस्तकाची छपाई करून देणाऱ्याला चित्रपटाच्या हक्कांचे काहीच कारण नाही.

१०. पैसे कधी आणि किती कापून येतात

केडीपी एखाद्या महिन्याच्या विक्रीचे पैसे तो महिना संपल्यानंतर सुमारे साठ दिवसांनी देते. पॅकेज कंपन्यांत तिमाही किंवा सहामाही हिशेब असतो, आणि ठरावीक रकमेच्या खाली पैसे पाठवले जात नाहीत. ही किमान रक्कम आणि प्रतीमागची कमाई शेजारी ठेवून पाहावी; हळू खपणाऱ्या पुस्तकाचे पैसे वर्षानुवर्षे कंपनीकडेच पडून राहू शकतात.

अमेरिकी कंपनीशी व्यवहार करणाऱ्या परदेशी लेखकाने खाते उघडताना ‘करविषयक मुलाखत’ या नावाची प्रश्नावली नीट भरावी. डब्ल्यू-८बेन या अमेरिकी करखात्याच्या नमुन्यात माहिती दिली आणि तुमच्या देशाचा अमेरिकेशी करविषयक करार असला, तर रॉयल्टीवरची कपात कमी होते; एरवी अमेरिकी विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जाऊ शकतात. त्यासाठी स्वतःच्या देशातला करदाता क्रमांक जवळ ठेवावा. नाव बँकेत जसे आहे तसेच लिहावे. टोपणनाव फक्त मुखपृष्ठावर.

११. एका प्रतीची परीक्षा घ्या

कंपनी निवडल्यावरही एक काम उरते. आधी ही खात्री करावी की तुमच्या पुस्तकाची भाषा आणि लिपी त्या कंपनीला चालते. ई-पुस्तकाच्या आणि छापील पुस्तकाच्या भाषांच्या याद्या वेगवेगळ्या असतात आणि एका यादीत असलेली भाषा दुसरीत असतेच असे नाही. मग पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर एखाद्या मित्राकरवी एक प्रत पूर्ण किमतीला विकत घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी. ती प्रत विक्रीपत्रकात कधी उगवते, कोणत्या मार्गाखाली उगवते आणि तिच्यापुढची रक्कम स्प्रेडशीटमधल्या आकड्याशी जुळते का, ते पाहावे. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी माझा आणि पत्रकाचा आकडा दोन सेंटांनी चुकला. शोध घेतल्यावर मांडणीत शेवटी राहिलेली दोन कोरी पाने सापडली, ती मी मोजली नव्हती.